स्थळप्रत

संस्थेचं कपाट उघडलं की आधी बिजागरी बोलते.
आत पावतीपुस्तकं, सुतळीनं बांधलेली, वर साल घातलेलं.
दोन हजार अकराचं जाड. सोळाचं त्याहून जाड.
गेल्या वर्षीचं अर्धं कोरं.

आम्ही देतो ते असं:
वॉकर, चाकाची खुर्ची, पाण्याची गादी, डोक्याकडून उचलता येणारी खाट.
अनामत पाचशे, भाडं नाही.
मंगळवार पेठ, पिठाच्या गिरणीशेजारी, नऊ ते बारा.
माणूस बरा झाला की वस्तू परत येते.
माणूस गेला तरी येते,
फक्त जरा जास्त धुऊनपुसून.

बैठकीत खजिनदार म्हणाले, देणारे आटलेत.
कुणी म्हणालं, नावं संगमरवरावर कोरू.
कुणी म्हणालं, मोबाईलवर रोज सुप्रभात पाठवू, गुलाब घालून.
कुणी म्हणालं, मोठ्या लोकांना हॉटेलात जेवू घालू.
जेवणाचं बिल कोण देणार, यावर चहा गार झाला.
मी बोलले नाही. मी पगारी.
निघताना तीन पुस्तकं पिशवीत टाकली.

स्थळप्रत म्हणजे
पावती फाडून दिल्यावर आपल्याकडं उरतं ते.
कार्बनचं निळसर नाव, थोडं पुसट,
आणि आपण त्याला पुन्हा कधी वाचलेलं नसतं.

उद्यमनगर. रमजान शिकलगार.
लेथ चालूच ठेवून म्हणाले,
"घरफाळा, वीजबिल आणि तुम्ही. मार्च आला की हजर.
बाकीचं अकरा म्हयनं रमजान हाय का गेला,
इचारलं कुणी?"
खरं होतं.
पावतीपुस्तक पिशवीतच राहू दिलं.
म्हटलं, तुमच्या पैशांतून सतरा नंबरची खुर्ची आली होती.
एकतीस घरं फिरली. पाचगाव, उचगाव, कसबा बावडा,
पुराच्या साली चिखलीहून होडीतून आली,
एका आजींना मांडीवर घेतल्यासारखी घेऊन.
आता फुलेवाडीत एका मास्तरांकडं आहे.
डावं चाक कुरकुरतं.

तेव्हा त्यांनी लेथ बंद केला.
"बेअरिंग गेलं आसंल. घिऊन या की."

गुजरीत ओसवालांची सून म्हणाली,
सासरे द्यायचे. कशाला द्यायचे,
ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही.
तिला गिरणीशेजारची खोली दाखवली.
पाण्याच्या गादीवर तिनं हात दाबून पाहिला,
बराच वेळ दाबून ठेवला.

गुळाच्या अडतीवरचे चौगुले म्हणाले, यंदा नाही.
मी वहीत लिहिलं: यंदा नाही. दर पडलेत. थोरलीचं लग्न वैशाखात.
खाली लिहिलं: लग्न कसं झालं, विचारणे.

एकानं दार लोटून घेतलं.
तेही लिहिलं, पण पेन्सिलीनं.

फुलं विकणाऱ्या मालन नेजदारांनी वीस रुपये दिले.
पावती कशाला बाई, म्हणाल्या, कागद वाया.
तुमच्यासाठी नाही, म्हटलं,
मी विसरू नये म्हणून.

पुढच्या बैठकीत विचारलं, किती जमले?
चार हजार तीनशे वीस. आणि सहा बेअरिंगं.
खजिनदार बेअरिंगांसाठी खातं शोधत राहिले.
एकशे एकोणीस नावांतली चाळीस झालीत.
भाडं दोन महिन्यांचं थकलंय, ते थकलेलंच आहे.

परवा सतरा नंबरची खुर्ची परत आली.
रिक्षातून मास्तरांच्या मुलानं उतरवली.
आरसा करावा तशी पुसलेली,
हातावर साबणाचा वास.
मी काही विचारलं नाही, त्यानं अनामत मोजून घेतली नाही,
"ठेवा," म्हणाला, "पुढच्याला."
मागं ढकलली.
डावं चाक आवाज न करता फिरलं.

खोलीला कुलूप लावून मी उद्यमनगरला निघाले,
शिकलगारांना सांगायला.
महिना सप्टेंबर.
पिशवी रिकामी.